चारशे घरांचा अंधार

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच बाहेर पडायचं काही कामच नसतं. पारा ४५ च्या आसपास, पडदे ओढलेले, खिडकीत कूलर घुरघुरतोय आणि खसचा ओला वास खोलीभर. अशा अर्ध्या उजेडात भुयारात उतरायचा संगणकावरचा खेळ छान जमतो. जुन्या घडणीचा, म्हणजे समोर भिंत, डावीकडे भिंत, उजवीकडे दार. आपला माणूस पडद्यावर दिसतच नाही, कारण बघणारे डोळे त्याचेच. एक कळ दाबली की एक घर, म्हणजे एक चौकोन, पुढे, दुसरी दाबली की जागच्या जागी काटकोनात वळण. याला डंजन क्रॉलर, म्हणजे भुयारात रांगणारा, म्हणतात आणि नाव चपखल आहे. यात धावायची सोयच नाही.

जुन्या वळणाचे असे नवे खेळ आता पुष्कळ निघतात. त्यातला कुठला पैसे टाकण्याजोगा, हे चित्रांवरून कळत नाही. ठोकळेबाज पिक्सेल, हिरवट अक्षरं, टिंवटिंव संगीत ही सगळी रंगरंगोटी झाली, ती कोणीही करतं. पारख करायची तर बर्डीच्या बाजारातून एक आलेख वही आणावी. पेन्सिल आणि चांगलं खोडरबरही घ्यावं. पेन नको, पेनाने काढलेला नकाशा दुसऱ्याच मजल्यावर रडवतो.

विझर्ड्री हा या घराण्याचा मूळपुरुष. १९८१ साली अ‍ॅपल टू संगणकासाठी अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी तो बनवला. दहा मजले, प्रत्येक मजला २० बाय २०, म्हणजे मजल्याला चारशे घरं. आलेख वहीत एका घराला ५ मिलिमीटर धरले, तर मजला १० सेंटीमीटरच्या चौकोनात बसतो आणि टिपणांना बाजूला जागा उरते. घर एक सेंटीमीटरचं धरायचा मोह होतो, पण मग समास उरत नाही. आणि खरी माहिती समासातच असते: ‘इथे विष’, ‘दार एकाच बाजूने उघडतं’, ‘फिरवतंय बहुतेक’.

पहिली रेघ ओढण्याआधी एक बघून घ्यावं. विझर्ड्रीत भिंत दोन घरांच्या मधे असते, कागदासारखी पातळ. म्हणून ती वहीच्या छापील रेघेवर गिरवायची. १९८७ च्या डंजन मास्टरमध्ये मात्र भिंतच अख्खं घर खाते, तिथे चौकोन काळा करायचा. हा फरक लक्षात न घेता सुरुवात केली की दहाव्या पावलाला दोन बोळ एकमेकांच्या अंगावर चढतात आणि माणूस खेळाला शिव्या घालतो. चूक वहीची असते.

आमच्या इतवारीच्या बाजारात वाट चुकली तरी फार बिघडत नाही. किराणा ओळ संपून सराफा ओळ लागली हे नाकाला आधी कळतं, आणि नाहीच कळलं तर कोणीतरी सांगतंच, “सरळ जा ना भाऊ, मंग डाव्या हाताले.” भुयारात सगळ्या भिंती सारख्या आणि विचारायला कोणी नाही. आता यात फिरकीचं घर टाका. त्यावर पाय पडला की खेळ तुम्हाला गुपचूप दुसऱ्या दिशेला तोंड करून उभं करतो. आवाज नाही, झटका नाही. समोर तशीच भिंत. तुम्ही उत्तर समजून पूर्व काढत बसता. विझर्ड्रीत यावर ड्युमॅपिक नावाचा मंत्र आहे, पहिल्याच पातळीचा. जिन्यापासून पूर्वेला किती, उत्तरेला किती, खाली किती आणि तोंड कुठे, हे तो सांगतो. आपल्या नागपुरातल्या झिरो माईलच्या दगडावर गावांची नावं आणि मैल कोरलेत, त्यातलाच प्रकार. डंजन मास्टरमध्ये असा मंत्र लागत नाही. जमिनीवर एखादी वस्तू टाकून पुढे जायचं, ती पुन्हा समोर आली तर आपण गोल फिरतोय.

म्हणून नव्या खेळातला पहिला मजला स्वतःहून उमटणारा नकाशा बंद करून चालावा. तसं करता येतं का, हीच पहिली परीक्षा. २०१२ च्या लेजंड ऑफ ग्रिमरॉकमध्ये ही सोय आहे. २००७ च्या एट्रियन ओडिसीने तर वहीच खेळात आणली: निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या खेळयंत्राच्या खालच्या पडद्यावर काडीने भिंती आपणच ओढायच्या. ही युक्ती मला ग्राफिक्सच्या शंभर सुधारणांपेक्षा मोठी वाटते.

दुसरी परीक्षा परतीची. विझर्ड्रीत सहा जणांची टोळी, पुढचे तिघे हाताने लढणारे, मागचे तिघे मंत्र टाकणारे. पहिल्या पातळीच्या पुजाऱ्याकडे बरं करणारा मंत्र एकदोनदाच. नियम सोपा आहे: मंत्र निम्मे उरले की मागे फिरायचं, कारण आलेल्या वाटेवर पुन्हा राक्षस भेटतात. सगळे मरतात ते ‘आणखी एक दार’ म्हणून. पेटीतली विषारी सुई लागली तर पावलागणिक जीव उतरतो, आणि विष उतरवणारा मंत्र पुजाऱ्याला फार उशिरा मिळतो. अशा वेळी वहीतली घरं बोटाने मोजायची: जिन्यापर्यंत चौदा, अंगात जीव नऊ. टोळी खलास झाली तर प्रेतं तिथेच पडून राहतात, ती आणायला दुसरी टोळी पाठवावी लागते. देवळात जिवंत करायला दिलेला गडी कधी राख होऊन परत येतो, आणि राखेवरही प्रयोग फसला तर कायमचा गेला.

हे क्रूर आहे, पण फुकटची क्रूरता नाही. खेळातल्या गावात सरायच्या तबेल्यात झोपायला पैसे पडत नाहीत. जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत येतात. मग पुजाऱ्याने उठून सगळ्यांना बरं करायचं आणि पुन्हा तबेल्यात. कंजूस माणसाला असा वाव ठेवणारा खेळ मी चांगला मानतो. याउलट प्रत्येक चौथ्या पावलाला लढाई लादणारा खेळ कठीण नसतो, कंटाळवाणा असतो. पन्नास पावलं चालून लढाया मोजाव्या. दहाच्या वर गेल्या तर पैसे वाचवा.

आपण थांबलो तरी वेळ धावता ठेवणाऱ्या खेळांत, म्हणजे डंजन मास्टरच्या वंशात, वेगळी खोट निघते. दोन बाय दोनची मोकळी जागा शोधायची, राक्षसाला एका घरात येऊ द्यायचं, बाजूला सरकायचं, वळायचं, वार करायचा, पुन्हा सरकायचं. त्याला वळायला वेळ लागतो, तोवर आपण कुशीत. दोघांची फुगडीच. पहिल्यांदा जमली की भारी वाटतं, पण पूर्ण खेळ याच एका फुगडीवर निघत असेल तर तलवार, चिलखत, पातळ्या सगळं शोभेचं. चांगला रचनाकार तिथे खड्डा ठेवतो, मागून दुसरा राक्षस सोडतो, बोळ एकाच घराचा करतो. ग्रिमरॉक आवडूनही ही तक्रार त्याच्याबद्दल राहतेच.

खेळ जतन कुठे होतो हेही आधी पाहावं. फक्त गावात परतल्यावरच होत असेल तर धाक खरा, पण उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की तासाभराची मेहनत कूलरबरोबरच बंद. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तरच अशा खेळाच्या वाटेला जावं. मूळ विझर्ड्री अनुभवायचा तर डिजिटल एक्लिप्स कंपनीची २०२४ ची आवृत्ती बरी: चित्रं नवी, आत मूळ खेळच चालतो आणि जुना अ‍ॅपल टूचा पडदा कोपऱ्यात दिसत राहतो.

मजला संपला असं वाटलं की वही लांब धरून बघायची. चारही बाजूंनी भिंती आणि मधे चार पांढरी घरं उरली असतील, तर तिथे काहीतरी आहे. विझर्ड्रीत मजल्याच्या एका कडेने बाहेर पडलेला माणूस समोरच्या कडेने आत येतो, त्यामुळे कडेची कोरी घरं आधी पडताळायची. तरी उरलीच, तर भिंतीला लागून एकेक घर चालत प्रत्येक भिंतीवर लाथ मारायची, मूळ खेळात त्यासाठी ‘के’ ही कळ आहे. लपलेलं दार असंच सापडतं. अकराव्या भिंतीला दार उघडतं, आत पुन्हा अंधार, आणि वहीत त्या जागी खोडून खोडून कागद विरलेला.