शंभर रुपयांची मर्यादा आणि महसुलाची थकबाकी

ठाण्याहून निघणाऱ्या लोकलमध्ये सध्या मी १९०८ चा नोंदणी कायदा वाचतो आहे. कलम १७ नुसार शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेतील हक्क हस्तांतरित करणारा दस्त नोंदवावाच लागतो. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या घरांच्या आजच्या किमती पाहता ही मर्यादा वाचताना हसू येते. दस्त चार महिन्यांत सादर करावयाचा असतो, मात्र नोंदणी झाल्यावर कलम ४७ मुळे त्याचा अंमल नोंदणीच्या नव्हे, तर सर्वसाधारणपणे निष्पादनाच्या, म्हणजे दस्तावर सही होण्याच्या, दिवसापासून धरला जातो, आणि येथेच मी दोन दिवस अडलो. सोबत वाचत असलेला महसुलाच्या थकबाकीच्या वसुलीचा भाग त्या मानाने सरळ आहे: थकबाकीदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्यास १८९० च्या महसूल वसुली कायद्यान्वये जिल्हाधिकारी तेथील जिल्हाधिकाऱ्यांकडे थकबाकीचे प्रमाणपत्र पाठवतात.