काकडू : रेंजरांनी राखलेली आग आणि चित्रे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, डार्विनच्या पूर्वेला पसरलेले काकडू राष्ट्रीय उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचे आहे. उत्तरेकडील बिनिंज आणि दक्षिणेकडील मुंगाय हे आदिवासी समूह त्याचे मूळ मालक. त्यांनी जमीन उद्यानासाठी भाडेपट्ट्याने दिली आहे आणि व्यवस्थापन मंडळात बहुमत त्यांचेच आहे. रेंजरांपैकीही अनेक जण याच कुळांतले आहेत.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही गेलो, तेव्हा पाऊस ओसरला होता आणि रस्त्याच्या कडेचे गवत ठिकठिकाणी जळालेले दिसत होते. हा वणवा नव्हे. बिनिंजांच्या सहा ऋतूंपैकी येग्गे या ऋतूत गवतात ओल शिल्लक असतानाच रेंजर तुकड्यातुकड्याने आग लावतात. ती गुडघ्याएवढी चालते, बुंधा काळवंडतो आणि वरची पालवी हिरवीच राहते. पुढे कडक उन्हाळ्यात लागणाऱ्या मोठ्या आगीला त्यामुळे खायला फारसे काही उरत नाही. राब भाजताना पाहिलेल्या कोकणी माणसाला धुराचे नवल वाटू नये, मात्र इथला हेतू शेतीचा नाही.

उबिर्र येथील शैलचित्रे निवांत पाहावीत. बारामुंडी माशांची हाडे आणि आतडी दाखवणारी चित्रे सर्वांना दिसतात. पण छताकडे नीट पाहिल्यास खडकावर चिकटवलेली सिलिकॉनची बारीक कडा दिसते, जी ओघळणारे पावसाचे पाणी चित्रापासून दूर वळवते. गांधीलमाश्यांची मातीची घरटी काढणे हेही राखणदारीचेच काम. उंचावर थायलसिनचे, म्हणजे पाठीवर पट्टे असलेल्या टास्मानियन वाघाचे, चित्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा प्राणी किमान दोन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. कोरड्या ऋतूत रेंजर येथे माहिती सांगतात. ती चुकवू नये, आणि परक्यांसाठी नसलेल्या कथेबद्दल खोदून विचारू नये.

उद्यानाचा प्रवेशपास आधीच काढावा. कोणते रस्ते आणि स्थळे खुली आहेत, हे निघण्याच्या दिवशी सकाळी तपासावे, कारण पूर, मगरी किंवा विधी यांमुळे ठिकाणे अचानक बंद होतात. शाकाहारी मंडळींनी शिधा डार्विनहूनच घ्यावा. मोबाईलवर विसंबू नये. उबिर्रच्या नदाब या उंच कातळाचा चढ छोटा असला तरी उन्हात दमवतो, म्हणून सूर्यास्ताआधी तासभर निघावे. काहिल्स क्रॉसिंग या नदी ओलांडण्याच्या जागी भरतीचे पाणी आणि मगरी दोन्ही असल्याने काठापासून दूर उभे राहावे. त्यापलीकडील आर्नहेम लँड या आदिवासींच्या प्रदेशात जायचे असल्यास नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो, तेव्हा अर्ज बराच आधी करावा.