गोणीतला ड्राइव्ह आणि दुकानात नसलेलं अर्थिंग

ठाण्यातल्या पाचपाखाडीत माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, मोबाईल, लॅपटॉप आणि गेमचे कन्सोल. गेल्या पावसाळ्यात कळव्याचे एक काका आले, टीएमटीच्या बसवर कंडक्टर, ड्युटी संपवून थेट युनिफॉर्मवरच आलेले. पिशवीत एक्सबॉक्स 360, तो जुना जाडा पांढरावाला, आणि रबर लावून बांधलेल्या अकरा ओरिजिनल डिस्क. मुलगी आठवीत आहे, तिच्यासाठी सेकंडहॅण्ड घेतलेला. म्हणाले, "दादा, पिक्चरची डीव्हीडी चालते, पण गेम टाकला की नुसतं प्ले डीव्हीडी दाखवतं, काय करू?"

मी लगेच विचारलं, "काका, डिस्क वाचणारा ड्राइव्ह बदललाय का कोणी?"

"हो ना, मागच्या महिन्यात. आधी डिस्क वाचतच नव्हता, तर एकाने अख्खा ड्राइव्हच नवीन टाकला. अठराशे घेतले."

झालं, कळलं. ह्या मशीनमध्ये ड्राइव्ह आणि मदरबोर्डची जोडी लावलेली असते, दोघांकडे एकच 16 बाइटची की, म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली असते आणि ती जुळली नाही की मशीन गेमची डिस्क ओळखतच नाही, साधी डीव्हीडी समजतं. म्हणजे दुसऱ्याचा ड्राइव्ह कितीही चांगला असू दे, ह्या मशीनला तो परकाच. काकांची की होती जुन्या ड्राइव्हच्या बोर्डवर आणि तो ड्राइव्ह त्या दुकानात राहिला होता. कोणी म्हणेल फ्लॅश करून टाक ना, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअरच बदल, पण फ्लॅश करायला येणारे बहुतेक कॉपी डिस्क चालवायलाच येतात आणि ते काम मी घेत नाही, इथे तर माणसाकडे अकरा ओरिजिनल डिस्क होत्या. त्यात 360 चं ऑनलाइन स्टोअर 29 जुलै 2024 ला बंद झालं, आता मशीनवरून नवीन गेम विकत घेता येत नाही, डिस्कच आणायची, म्हणजे ड्राइव्ह गेला की त्या पोरीचं सगळंच गेलं. मला ते फार लागलं मनाला.

दुकान हाताखालच्या पोराच्या भरवशावर सोडलं आणि काकांबरोबर त्या दुकानात गेलो. मालक तसा माणूस बरा, म्हणाला भंगारवाला शनिवारी येतो, अजून गोणी इथेच आहे, बघा तुम्ही. गोणी उपसली, वीसेक ड्राइव्ह, सगळे काळे-करडे एकसारखे. नशीब एवढंच की ते लोक ड्राइव्हवर मार्करने गिऱ्हाईकाच्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे लिहितात, काकांचे आकडे तळातल्या ड्राइव्हवर सापडले. लाइट-ऑन कंपनीचा डीजी-16डी2एस. आणि नवीन टाकलेला होता दुसऱ्या कंपनीचा, बेनक्यूचा, म्हणजे जुना बोर्ड उचलून नव्यात बसवायचा सोपा मार्गही बंद. जुन्याच ड्राइव्हला लेन्स, म्हणजे डिस्क वाचणारा लेझरचा भाग, बदलून जिवंत करणं हा एकच रस्ता उरला. ह्या मॉडेलला एचओपी-141एक्स लेन्स लागते, दुसऱ्या दिवशी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन दोन आणल्या, एक खराब निघाली तर हाताशी असावी म्हणून.

आता हत्यारांचं सांगतो, कारण अर्धी मशीन हत्यारांनीच मरतात. आमच्या पोराने फुटपाथवरून अडीचशेचा पंचेचाळीस बिटांचा सेट आणला होता, दिसायला झकास. 360 च्या बॉडीला खालून सहा लांब स्क्रू असतात, टी10 टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे. त्याने टी9 लावला, तो पण बसल्यासारखा वाटतो ना, आणि जोर दिल्यावर स्क्रूच्या आतले कोपरे खायला लागला, मग टी10 लावला तर त्या मऊ लोखंडाच्या बिटचीच टोकं पिळली गेली. मी त्याला थांबवलं आणि माझा कडक एस2 स्टीलचा टी10 दिला, सहाही स्क्रू शांतपणे निघाले. त्याला तेव्हाच सांगितलं, सेट घेऊ नकोस, जे स्क्रू रोज समोर येतात त्यांचे पाच बिट घे पण चांगले घे, टी8, टी10, फिलिप्सचे दोन, आणि पीएस4 म्हणजे प्लेस्टेशन 4 साठी मधे भोक असलेला सिक्युरिटी टॉर्क्स.

ड्राइव्ह उघडला आणि भिंगातून बघितलं तर लेन्सच्या बाजूचा तो इवलासा पॉट, लेझरचा करंट ठरवणारा, त्याच्या खाचेवर ताजे ओरखडे. कोणीतरी फिरवून लेझर जोरात चालवायचा प्रयत्न केला होता. असं केलं की चार दिवस डिस्क वाचते आणि मग लेझर कायमचा बसतो. राग आला खरं तर.

फ्लॅट केबलचं लॉक प्लॅस्टिकच्या चिमट्याने सोडवलं, स्टीलचा लावला तर ते लॉक कागदासारखं तुटतं. लेन्स ज्यावर सरकते तो रेल एका बाजूने मोकळा करून जुनी लेन्स काढली, रेलच्या ॲडजस्टमेंटच्या स्क्रूंना अजिबात हात लावला नाही, ते हलले की लेन्स तिरकी होते आणि मग बसा डोकं धरून. नवी लेन्स बसवली. ह्या नव्या लेन्सवर सोल्डरचा एक थेंब असतो, तो लेझर डायोडची टोकं शॉर्ट करून ठेवतो म्हणजे स्टॅटिक विजेने वाटेत मरू नये. बसवल्यावर तो काढायचा. आणि इथेच माझा हात थांबला.

सॉकेटला मीटर लावून बघितलं, फेज आणि अर्थिंगमध्ये सव्वादोनशेच्या आसपास दाखवायला हवं, आकडा नुसता नाचत होता. दुसरा सॉकेट बघितला, तेच. बिल्डिंग जुनी, अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलेली आणि मला पत्ताच नाही. म्हणजे अंगातलं स्टॅटिक अर्थिंगमध्ये सोडणारा मनगटाचा पट्टा लावून मी इतके दिवस काम करत होतो तो कशालाच जोडलेला नव्हता. पावसाळ्यात ठाण्याची हवा दमट, स्टॅटिक कमी असतं हे खरं, पण सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला गळणारा करंट पावसाळा बघत नाही, आणि डायोड तेवढ्यानेही जातो.

मग आयर्न तापू दिलं, 320 डिग्रीला आल्यावर पोराला म्हटलं प्लग काढ, स्विच नाही, प्लग पूर्ण बाहेर काढ. त्याने काढला. टोक गरमच असतं आठ-दहा सेकंद. विक, म्हणजे सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी, ठेवली, टोक टेकवलं, दीड सेकंद, थेंब विकमध्ये शोषला गेला, खाली दोन स्वच्छ पिवळे ठिपके वेगळे दिसले. तोपर्यंत काका, पोरगा, मी, कोणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही.

मशीन उघडंच ठेवून ड्राइव्ह जोडला, काकांनी स्वतःच्या हाताने डिस्क ठेवली. ट्रे आत गेला, डिस्क फिरायचा आवाज चढला, थोडा उतरला, परत चढला, आणि प्ले डीव्हीडीच्या जागी गेमचं नाव आलं. काका काही बोलले नाहीत, मोबाईल काढून घरी व्हिडिओ कॉल लावला आणि स्क्रीनसमोर धरला, तिकडून पोरीची किंकाळी अख्ख्या दुकानाला ऐकू आली. लेन्सचे आणि मजुरीचे मिळून चौदाशे घेतले, अकराही डिस्क एकेक करून चालवून दाखवल्या, साडेनऊ वाजले.

सोमवारी इलेक्ट्रिशियन बोलावून मीटररूमपासून अर्थिंगची नवीन वायर ओढून घेतली, आणि आता रोज सकाळी शटर वर केलं की दिवाबत्तीच्या आधी पोरगा मीटर लावून तिन्ही सॉकेट बघतो.