घरचा सीएनसी, नोंद ७ : घसरणारी पुली आणि ग्रब स्क्रूचं टोक

माझ्या घरच्या सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणारं यंत्र) काढलेलं वर्तुळ पूर्ण जुळतच नव्हतं, वाय अक्षाच्या दिशेने शेवट सुरुवातीच्या जरा बाजूला पडायचा. बेल्ट ताणून पाहिला, ड्रायव्हरचा (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटचा) करंट वाढवून पाहिला. मग मोटरचा शाफ्ट आणि त्यावरची पुली (बेल्ट ओढणारं दातेरी चाक) दोन्हींवर मिळून मार्करने एक रेघ मारली. दहा मिनिटं मशीन चालवल्यावर ती रेघ तुटलेली दिसली. २० दात्यांची जीटी२ पुली (दर दात्याला २ मिमी) एका फेऱ्यात बेल्ट ४० मिमी ओढते, म्हणजे शाफ्टवर एक अंश घसरली तरी ०.११ मिमीची चूक!

पुलीला शाफ्टवर पकडून ठेवणारे एम३ (३ मिमीचे) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले स्क्रू, कप पॉइंटचे होते, टोक वाटीसारखं खोलगट. कपाची धारदार कडा शाफ्टमध्ये रुतून पकड घेते, पण गोल शाफ्टवर त्या कडेचे जेमतेम दोन बिंदू टेकतात. शिवाय रुतताना बर (धातूचा वर आलेला खरखरीत काठ) उठतो. तोच पुलीच्या भोकात अडकला होता, पुली काढताना हात दुखले. आणि पुली केसभर सरकवून पुन्हा आवळावी, तर टोक जुन्याच खड्ड्यात जाऊन बसतं.

माझा ५ मिमीचा शाफ्ट पूर्ण गोल. त्यावर कानशीने सपाट जागा केली, तिथे आता जाडी ४.५ मिमी आहे. हे करताना मोटरचं तोंड खाली ठेवा आणि बेअरिंगवर टेप लावा. रोटरमध्ये चुंबक असतो, कीस आत ओढला गेला तर मोटर वाया जाईल. सपाट जागेवर फ्लॅट पॉइंटचा स्क्रू लावला. तो पूर्ण तोंडाने टेकतो, शाफ्टला ओरखडाही पडत नाही.

दुसरा स्क्रू ९० अंशांवर, गोल भागावर येतो. त्याच्याखाली तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा घातला. तांबं दबून शाफ्टचा आकार घेतं आणि बर उठत नाही. कोन पॉइंट (अणकुचीदार टोक) मुद्दाम टाळला, कारण त्याला शाफ्टवर आधी ड्रिलने खळगा करावा लागतो आणि मग जागा बदलता येत नाही. डॉग पॉइंटही (पुढे खुंटीसारखं टोक) भोक किंवा खाच असेल तरच कामाचा.

आवळताना १.५ मिमीची ॲलन की नवीन घेतली. झिजलेल्या कीने षटकोन गोल झाला की तो स्क्रू काढणं फार अवघड. आटे थिनरने पुसून निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब लावला आणि रात्रभर तसंच ठेवलं.

आज तेच वर्तुळ तीस वेळा गिरवलं. रेघ अखंड आहे. आता झेड अक्षाच्या कपलिंगकडे (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाकडे) वळतो.