शंभर डॉलरची सीडी

११ एप्रिल २०१९, गुरुवार. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात, क्रेनशॉ रस्त्यालगतच्या एका औषधांच्या दुकानात मी तेव्हा टेक्निशियन होते. सकाळपासून एकच फोन, "आज औषधं घरी पोचतील का?" पोचणार नव्हती. इथल्याच रॅप गायकाची, निप्सी हसलची, अंत्ययात्रा निघणार होती. स्टेपल्स सेंटरमधल्या शोकसभेनंतर तब्बल २५ मैल, तो वाढला त्या वस्त्यांमधून. रस्ते बंद होते.

पण एका आजींचं इन्सुलिन थांबण्यासारखं नव्हतं. वय ७८, शेवटची कुपी आदल्या रात्री संपलेली, सकाळची साखर ३४०. फोनवर नातवाचा आवाज कापत होता. फार्मासिस्टबाईंना काउंटर सोडता येत नव्हता, म्हणून मी म्हटलं, चालत जाते. कुपी, सुया, बर्फाची पिशवी आणि सहीचं रजिस्टर घेऊन निघाले.

मी सांगलीकडची. लहानपणी पालखी यायच्या आधी रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली माणसं पाहिली आहेत. इथेही तशीच उभी होती, खुर्च्या टाकून, पोरं खांद्यावर घेऊन. निळे कपडे, निळे फुगे, मधूनच आफ्रिकेतल्या एरिट्रियाचे झेंडे, कारण निप्सीचे वडील तिथून आलेले. मी पिशवी उंच धरून "औषध आहे, औषध आहे" म्हणत राहिले आणि त्या गर्दीत वाट होत गेली.

आजींनी युनिट मोजून स्वतःच सुई टोचून घेतली. मी निघाले, तर नातू म्हणाला, "आता नाही ओलांडता येणार रस्ता. बस." आणि कपाटातून एक सीडी काढून माझ्या हातात दिली. निप्सीची 'क्रेनशॉ', ऑक्टोबर २०१३.

"विचार त्याला कितीला घेतली," आजी म्हणाल्या. "शंभर डॉलर! आणि हीच गाणी इंटरनेटवर फुकट होती. बाळा, मी आयुष्यभर औषधाला पैसे मोजते, पण नाइलाजाने. याच्यावर काय जबरदस्ती होती?"

तेव्हा नातू सतरा वर्षांचा होता. बर्गरच्या दुकानात काम करून पैसे साठवले आणि रांगेत उभा राहिला. निप्सीने हजारच प्रती काढल्या होत्या. चोवीस तासांच्या आत संपल्या. त्यातल्या शंभर प्रसिद्ध रॅपर जे-झीने घेतल्या. पुढच्या वर्षी निप्सीच्या 'मेलबॉक्स मनी' या सीडीच्या फक्त शंभर प्रती, हजार डॉलरला एक. ती याला परवडली नाही, फुकटच ऐकली. त्याबद्दल त्याला अजिबात वाईट वाटत नव्हतं. "ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं, नाही त्याने ऐकावं, असंच होतं ते," तो म्हणाला.

मी विचारलं, पण तू शंभर डॉलर कशासाठी दिलेस?

तो बराच वेळ बोलला. २०१० मध्ये निप्सी मोठ्या रेकॉर्ड कंपनीतून बाहेर पडला आणि त्याच वर्षी 'द मॅरेथॉन' स्वतः काढली. एकामागून एक मिक्सटेप, म्हणजे स्वतःच काढलेले गाण्यांचे संग्रह, येत राहिल्या, पण पहिला स्टुडिओ अल्बम, 'व्हिक्टरी लॅप', आला तो थेट २०१८ मध्ये. तो मोठ्या कंपनीबरोबर निघाला, पण भागीदारीत. त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. स्लॉसन आणि क्रेनशॉच्या कोपऱ्यावर त्याने कपड्यांचं दुकान टाकलं, मग तिथलं दुकानांचं सगळं संकुलच भागीदारीत विकत घेतलं. ३१ मार्चला त्याच दुकानासमोर त्याला गोळ्या घातल्या. वय ३३.

"माझे शंभर डॉलर त्या कोपऱ्यावर आहेत," नातू म्हणाला. "कुठल्यातरी एका विटेत असतील."

हे वाक्य मी विसरू शकले नाही. ज्या इन्सुलिनच्या कुप्या मी रोज हातावेगळ्या करायचे, त्यांतल्या एका नेहमीच्या प्रकाराची छापील किंमत तेव्हा २७५ डॉलरच्या आसपास होती. ती कुणी ठरवली, ते पैसे कुठे जातात, हे मला कोणी गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर मला कोपरा दाखवता आला नसता. या पोराला येत होता, चालत पाच मिनिटांवर.

बाहेर एकदम आवाज वाढला. आजींनी आम्हाला खिडकी उघडायला लावली. गाड्यांची रांग आली, शववाहिनी हळू पुढे सरकली आणि इतका वेळ गाणारी गर्दी नुसतं "निप, निप" म्हणू लागली. नातू सीडी छातीशी धरून उभा होता. आजींनी त्याचा दंड पकडला होता, त्याच हाताने ज्यावर मगाशी सुई टोचली होती.

मग पुन्हा साखर तपासली. २६०. उतरत होती. नातवाने रजिस्टरवर सही केली आणि मी परत निघाले.