साखरपेठ, बाळीवेस, रेल्वे लाईन

(माजी विद्यार्थिनी, दहावीची तुकडी, १९८८)

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेने मला गणितात काठावर पास केलं आणि दोन मैत्रिणी दिल्या. गणिताबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तेव्हा मैत्रिणींबद्दल लिहिते.

आमच्या वर्गात एकाच नावाच्या चौघी होत्या. नाव कोणतं ते सांगत नाही, कारण या दोघींनी ‘आमची नावं छापायची नाहीत’ अशी तंबी दिली आहे. हजेरीला एका हाकेला चौघी उभ्या राहायच्या, म्हणून वर्गशिक्षिका बाईंनी पत्त्यावरून, म्हणजे सोलापुरातल्या आमच्या वस्तीच्या नावाने, हाक मारायला सुरुवात केली. एक साखरपेठ, एक बाळीवेस, मी रेल्वे लाईन. चौथी आठवीत वडिलांच्या बदलीबरोबर गेली. राहिलेल्या आम्ही तिघी आज पन्नाशी ओलांडून बसलो आहोत आणि अजूनही एकमेकींना पत्त्यावरूनच हाक मारतो. पत्ते केव्हाच बदललेत, तो भाग वेगळा.

बाक दोघींचा असायचा. आम्ही तिघी दाटीवाटीने बसायचो. बाई म्हणायच्या, “तीन तिघाडा, काम बिघाडा. एक जण उठा.” बाळीवेस दर वेळी तेच सांगायची, की मागून फळा दिसत नाही. तिची नजर घारीसारखी होती. मागच्या बाकावरून पुढच्या मुलीच्या वहीतलं उत्तर तिला वाचता यायचं.

साखरपेठेच्या घरी तेलुगू, बाळीवेसच्या घरी कन्नड, माझ्या घरी मराठी. वडील रेल्वेत, म्हणून आमच्याकडे थोडी गाडीवरची हिंदीही होती. डब्यात चिंचेचा भात, कडक भाकरी नि शेंगाची चटणी, आणि माझी बिचारी पोळी-भाजी. माझा डबा शेवटी उघडायचा. १२ जानेवारीच्या प्रभातफेरीत चार हुतात्म्यांची नावं एका दमात म्हणायची आमची पैज असायची: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली याच तारखेला त्यांना येरवड्यात फाशी दिली. नुसती आडनावं वाचली तरी सोलापूर म्हणजे काय ते कळतं. फेरी संपली की पाय आपोआप गड्ड्याकडे, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या जत्रेकडे, वळायचे.

साखरपेठेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. तिची आई आणि दोन मोठ्या बहिणी विड्या वळायच्या, आणि चौथीपासून तीही. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी फर्मा, म्हणजे मापाचा साचा, धरून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. पंचवीस विड्यांचा कट्टा, आणि मजुरी हजार विड्यांवर. विडी कारखान्याच्या ब्रँचवर माल द्यायला गेलं की तपासणारा न आवडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या विड्यांची मेहनत फुकट. हे सगळं करून ती साडेदहाला शाळेत यायची. तासाला तिची बोटं वहीचा कोपरा दुमडत राहायची, डोळे मात्र फळ्यावर. दहावीला तिला आमच्या दोघींपेक्षा जास्त मार्क मिळाले. पुढे शिकली मी. याबद्दल ती कधी काही बोलली नाही. मी कधी विषय काढला तर म्हणते, “तुला बसून खायची सवय, म्हणून नोकरी लागली.”

लग्नं झाली, मुलं झाली. ते सगळ्यांचं होतं तसंच झालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपलं सोलापूरही हादरून रस्त्यावर आलं होतं. बाळीवेस तेव्हा नऊ महिन्यांची गरोदर होती. उजाडायच्या आत साखरपेठ चालत तिच्या दारात उभी होती, हे मला मागाहून कळलं.

आता मूळ गोष्ट. बाळीवेसच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली. ज्या भोंग्यावर शहर घड्याळ लावायचं, ते भोंगे एकेक करून गप्प झाले आणि कामावर जाणारी माणसं घरी बसली. काही वर्षं त्यांनी इकडे तिकडे काम केलं. मग २००३ साली दोन यंत्रमाग घेऊन टॉवेल काढायचं ठरवलं. कर्ज एका पतसंस्थेचं. मी नोकरीत होते, पगारपत्रक होतं, म्हणून जामीन मी. सही करताना बाळीवेस म्हणाली, “वाचून बघ की.” मी म्हणाले, “तुझं काय वाचायचं?”

सुताचे भाव चढले आणि विजेचं भारनियमन सुरू झालं. दिवसाचे काही तासच माग चालायचे. कामगाराला मात्र पूर्ण दिवस बसवून ठेवावं लागायचं. हप्ते थकले. एका दुपारी आमच्या घरी वसुलीची नोटीस आली. ती सासूबाईंनी फोडली. पुढे १०१ चा दाखला, म्हणजे सहकार कायद्याखालचा वसुलीचा हुकूम, निघाला आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. ज्यांच्या घरात हा दाखला येऊन गेलाय, त्यांना बाकीचं सांगायला नको. ज्यांच्याकडे आला नाही, त्यांनी न आल्याबद्दल सिद्धेश्वराला हात जोडावेत.

पैशाचा राग होताच, नाही कसा म्हणू. पण त्याहून मोठा राग वेगळा होता. हप्ते वर्षभर थकलेले होते आणि त्या वर्षभरात आम्ही एकमेकींकडे हळदीकुंकवाला जात होतो. ती एका शब्दाने बोलली नाही. मी तिच्या घरी जाऊन नको नको ते बोलले. तीही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. “सही तू केलीस, हात मी धरला नव्हता,” असं तिने ऐकवलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. दोन वर्षांहून जास्त बंद होतं.

नुसत्या दोघींची मैत्री असती तर ती तिथंच संपली असती, याबद्दल मला काडीची शंका नाही. माझ्या ओळखीत अशा कितीतरी जोड्या पैशावरून, मुलांच्या लग्नावरून किंवा एखाद्या टोमण्यावरून कायमच्या फुटल्या. आम्ही टिकलो, कारण आम्ही तिघी होतो. आणि तिसरी साखरपेठ होती.

तिची रीत अशी. ती दोघींकडे यायची. माझ्याकडे आली की मी बाळीवेसबद्दल तासभर बोलायचे. ती ऐकायची, चहा प्यायची आणि जायची. तिकडेही तसंच. पण इकडचा शब्द तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही. मी खोदून विचारलं, “काय म्हणते गं ती माझ्याबद्दल?” तर उत्तर एकच, “बरी हाय.” बाजू कुणाचीच घेतली नाही. समेट घडवायला मध्ये बसली, समजुतीच्या गोष्टी सांगितल्या, असलंही काही केलं नाही. फक्त एक केलं. गड्ड्याच्या वेळी सिद्धेश्वराच्या योगदंडाच्या लग्नातल्या अक्षता सोहळ्याला आम्ही तिघी लग्नाआधीपासून बरोबर जायचो, तो नेम तिने मोडू दिला नाही. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी पांढऱ्या बाराबंदीवाल्यांचा महापूर असतो, सातही काठ्या, म्हणजे मानाचे नंदीध्वज, समोर उभ्या असतात. त्या गर्दीत ती मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणायला तोंड उघडायचं, एकमेकींशी नाही. अक्षता तिच्याच ओंजळीतून दोघी घ्यायचो. लोकांना वाटत असेल, काय सख्य आहे या बायकांचं!

त्याच काळात बाळीवेसने घरी कडक भाकऱ्या करायला सुरुवात केली. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजून झाली की मंद आचेवर पापडासारखी वाळवायची. आठवडे टिकते. मुंबई-पुण्याला राहणारे सोलापूरकर सिद्धेश्वर एक्सप्रेसने परत जाताना शेंगाच्या चटणीबरोबर गठ्ठे घेऊन जातात. पहिल्या महिन्याच्या भाकऱ्यांचे पैसे तिने पाकिटात घालून साखरपेठेकरवी माझ्याकडे पाठवले. मी पाकीट परत पाठवायला निघाले, तेव्हा साखरपेठ पहिल्यांदा चिडली. “मी काय पोस्टमन न्हाई. ठेवायचं तर ठेव, न्हाईतर सोताच्या हाताने नेऊन दे.”

नेऊन द्यायला गेले. चुलीपुढे घामाघूम होऊन बाळीवेस भाकरी थापत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, “धुरात कशाला बसालीस? तिकडं सरक.” मी सरकले. समोर भाकऱ्यांची चळत होती, ती दहा-दहाने मोजून बांधायला घेतली. माफी तिने मागितली नाही, मीही नाही. पाकीट तिने परत घेतलं नाही. मग मीही ठेवून घेतलं, कारण तिला फेडायचंच होतं आणि तिला ते करू देणंच बरं होतं. काही वर्षांत तिने सगळे पैसे फेडले. शेवटचे पैसे देताना म्हणाली, “व्याज भाकरीत वळतं केलंय.”

दरम्यान २००६ साली कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तिथं साखरपेठेला स्वतःचं घर मिळालं. साखरपेठ कुंभारीला गेली आणि नाव मात्र साखरपेठच राहिलं.

२०१८ च्या दिवाळीनंतर तिच्या छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली. निघाली म्हणजे बाळीवेसने शोधली. तिला स्वतःला ती कित्येक महिने माहीत होती. दवाखान्यात गेलं की त्या दिवसाच्या विड्या बुडतात, एवढ्या साध्या हिशोबाने ती गप्प होती. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. मग दर एकवीस दिवसांनी केमो, आणि त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन. तो सोमवार ते शुक्रवार रोज, कित्येक आठवडे. रेशन कार्डावर सरकारच्या फुले आरोग्य योजनेत बराच खर्च बसला. पण येणं-जाणं, राहणं, खाणं आणि बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसत नाही. केमोला मी रजा टाकून जायचे. वैरागमार्गे सत्तरेक किलोमीटर एसटी, परतीला खिडकीजवळची जागा आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शेकाच्या वेळी बाळीवेस भाकऱ्यांचं काम सुनेवर टाकून बार्शीत खोली घेऊन तिच्याबरोबर राहिली.

आणि तिथं त्या दोघींचं वाजलं. बाळीवेसने साखरपेठेच्या मुलाला फोन करून पैसे पाठवायला सांगितलं, हिला न विचारता. मुलगा बाहेरगावी, नुकतं लग्न झालेलं. हिने जेवण सोडलं. “माझ्या घरात हात घालायचा न्हाई,” म्हणून एका खोलीत दोन दिवस दोघींची तोंडं दोन भिंतींना. शनिवारी मी गेले, तर दोघी वेगवेगळ्या वेळी मला बाहेर घेऊन गेल्या आणि आपापली बाजू सांगितली. मी दोघींना ‘बरी आहे’ एवढंच सांगितलं. हा धडा मी जिच्याकडून गिरवला होता, तिच्यावरच वापरला. तिला ते लगेच कळलं. “माझंच औषध मला पाजालीस व्हय?” म्हणाली आणि भगवंताच्या देवळात जाऊन येऊ म्हणून चप्पल घातली. तिघी गेलो. वाटेत बाळीवेसने तिच्यासाठी शहाळं घेतलं. ते तिने प्यायलं, एवढ्यावर भांडण मिटलं.

माझ्या वाट्याचं थोडक्यात सांगते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे यजमान गेले. कुणी घरात येऊ शकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी खालून हाक आली, “रेल्वे लाईन!” गॅलरीत गेले तर दोघी तोंडाला मास्क बांधून रस्त्यावर उभ्या. बाळीवेस ओरडली, “ऊट आयता?” साखरपेठ ओरडली, “तिन्नावा?” जेवलीस का, हे मला दोन भाषांत विचारलं जात होतं आणि मी मराठीत उत्तर देत नव्हते. शेवटी शेजारणीने खिडकीतून सांगितलं, “नाही हो, जेवत नाहीत त्या.” डबा गेटला टांगून दोघी तिथंच उभ्या राहिल्या, मी डबा वर नेऊन उघडेपर्यंत. पुढे पेन्शनच्या कागदांसाठीच्या माझ्या सगळ्या फेऱ्यांत बाळीवेस बरोबर होती. नोटिसांचा अनुभव असल्यामुळे कुठला कागद कोणत्या टेबलावर अडतो, याचा तिला चांगला अंदाज आहे.

आता साखरपेठेच्या तपासण्या सहा महिन्यांनी असतात. विड्या तिने सोडल्या, म्हणजे सोडाव्या लागल्या. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला सूज येते, आणि पान धरायचं डाव्या हाताने. पहिले काही महिने ती रिकामं सूप मांडीवर घेऊन बसायची, असं तिच्या सुनेने सांगितलं. आता बाळीवेसकडे भाकऱ्या मोजून बांधते. पॅकिंगमध्ये एक तुटकी भाकरी दिसली की बाजूला काढते आणि म्हणते, “छाट!” बाळीवेस त्यावरून रोज चिडते. परवा दोघींनी फोन करून माझ्याकडे एकमेकींची तक्रार केली.

महोत्सवाच्या मेळाव्याला आम्ही तिघी येत आहोत. माजी विद्यार्थिनींचा शाल-नारळ देऊन सत्कार होणार असल्याचं समितीने कळवलं आहे. समितीला एक विनंती. साखरपेठेला रांगेत फार वेळ उभं ठेवू नका, आणि नारळ तिच्या उजव्या हातात द्या. डाव्या हाताने वजन उचलायची तिला मनाई आहे, आणि ती स्वतः होऊन हे कुणाला सांगणार नाही.