तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूयॉर्कात फिलिपिनो जेवायला कुठे जायचं?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी न्यू जर्सीतल्या एडिसनहून कुणाची सून फोन करते, कधी मुलाकडे सहा महिने राहायला आलेले एखादे काका देवळात गाठतात. "तू त्या फिलिपिनो नर्सांबरोबर काम करतेस ना? मग त्यांचं जेवण चांगलं कुठे मिळतं ते सांग." आजवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्यानं सांगत आले, आता एकदाच लिहून टाकते.

७ नंबरची गाडी पकडायची आणि क्वीन्समध्ये ६९व्या स्ट्रीटला उतरायचं. ऑफिसच्या गर्दीच्या वेळी चुकून फास्ट गाडीत चढलात तर ती ६१ला थांबून ६९ आणि ७४ दोन्ही सोडून पुढे निघून जाईल. मुंबईकरांना यापुढे समजावायला नको.

खरं तर तुम्ही तिथून पाच गल्ल्यांवर नेहमी येता. जॅक्सन हाइट्सला पटेल ब्रदर्समध्ये पोहे, कढीपत्ता, कणीक भरायला आपण सगळेच जातो. पिशव्या गाडीत टाका आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवर, डोक्यावरच्या रुळांखालून, पश्चिमेकडे चालायला लागा. साड्या-सोन्याची दुकानं मागे पडतात, पाट्यांवरची भाषा बदलते, आणि ७०व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर 'लिटल मनिला अव्हेन्यू' अशी पाटी दिसते. पाटी लागली जून २०२२ मध्ये. माणसं त्याच्या कितीतरी आधीची.

ती इथेच का, याचं उत्तर हॉस्पिटलात आहे. १९६५चा इमिग्रेशन कायदा आला आणि आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर जसे आले, तशा फिलिपिन्समधून नर्सेस आल्या. अमेरिकेनं त्या देशावर राज्य करताना तिथे नर्सिंगच्या शाळा काढल्या होत्या, शिक्षण इंग्रजीतून होतं. इथे नर्सेसची टंचाई. एल्महर्स्ट हॉस्पिटल इथून चालत जाण्यासारखं. मग खोल्या भाड्यानं घेतल्या गेल्या, मग तांदळाचं दुकान आलं, मग खानावळ. म्हणून माझा पहिला नियम: ड्यूटी संपवून आलेल्या बायका युनिफॉर्मवर जॅकेट चढवून जिथे मुकाट्यानं जेवत असतील, तिथे शिरायचं.

मी स्वतः लॅबमध्ये. नाइट शिफ्टला पहाटे तीन वाजता रक्ताच्या नळ्या घेऊन वर गेले की एक सीनिअर नर्स विचारायची, "कुमाइन का ना?" म्हणजे जेवलीस का. उत्तर काहीही द्या, डबा पुढे सरकायचाच. तिला सगळे 'आते' म्हणायचे. मला वाटलं, बाईंचं नाव असेल. नंतर कळलं, थोरल्या बहिणीला त्यांच्यात आते म्हणतात आणि थोरल्या भावाला कुया. आता माझे केस पिकले, तर नव्या पोरी मलाही आते म्हणतात. माझ्या भाच्याला हे फार गमतीचं वाटतं, कारण त्याची मी खरीच आत्या.

खानावळीत तुम्हीही हेच करा. वाढणाऱ्या बाईंना 'आते' म्हणा, पुढचं सोपं जातं. तिथल्या साध्या खानावळीला 'तुरो-तुरो' म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणं. काचेमागे वाफाळते ट्रे असतात, तुम्ही हे-हे, ते-ते असं दाखवायचं, भाताचा डोंगर आणि दोन कालवणं ताटात येतात. मेनू वाचायची भानगड नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तर मेनूच्या हॉटेलात जाऊच नये असं माझं मत आहे. नावं वाचून घाबरायला होतं, रंग बघून भूक लागते.

आता दाखवायचं कशाकडे? आंबटापासून सुरू करा. सिनिगांग म्हणजे चिंचेचं पातळ सार. त्यात मुळा, भेंडी, अळकुड्या, एखादी लांब हिरवी मिरची, आणि कोळंबी, मासा किंवा डुकराच्या बरगड्या. फोडणी नाही, हळद नाही, गूळ तर नाहीच. पहिल्या चमच्याला आपली जीभ गुळाची वाट बघते. दुसऱ्या चमच्याला वाट बघणं सोडते. पावसाळी सर्दीत मला आता आईच्या आमसुलाच्या साराच्या बरोबरीनं हेच आठवतं, आणि हे आईला सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

मग लाइंग. अळूची वाळवलेली पानं नारळाच्या दुधात आटेपर्यंत शिजवलेली, मिरची सढळ. हा बिकोल भागातला पदार्थ, आणि बिकोल म्हणजे तिथलं नारळ-मिरचीवर जगणारं कोकणच. अळू खाजरं असतं हे त्यांनाही ठाऊक. आपण चिंच घालतो, त्यांच्याकडच्या आज्या बजावतात की पातेलं चढवल्यावर ढवळायचं नाही. आमच्या फदफद्याला ढवळल्याशिवाय चैन पडत नाही. दोन्हीकडच्यांचे घसे शाबूत आहेत.

आदोबो सगळे सांगतातच: व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र. चांगलं असतं, दुसऱ्या दिवशी जास्त. व्हिनेगरचा मात्र त्यांना खराच षोक. माडाच्या ताडीचं व्हिनेगर तिथे घरोघरी असतं. गोव्याची माणसं बाटलीचं झाकण उघडताच ओळखतात.

आणि बागोओंग. हे ऐकून ठेवा. पहिल्यांदा एका खानावळीत कारे-कारे मागवलं होतं. दाण्याच्या कुटाचं दाट कालवण, त्यात वांगं, लांब शेंगा, केळफूल (आणि बहुधा गाईची शेपटी, तेव्हा खात नसाल तर आधी विचारा). मला ते अगदीच अळणी लागलं. शेजारी वाटीत गुलाबी-तपकिरी चटणीसारखं काही होतं, ते मी पोळीला लसणीची चटणी लावावी तसं चमचाभर एकदम तोंडात टाकलं. मिठात मुरवलेला बारीक जवळा होता तो! डोळ्यांत पाणी आलं. काउंटरवरची आते हसली नाही, तिनं फक्त भात वाढला. नखाएवढं घ्यायचं असतं ते, आणि मग तेच अळणी कालवण जागं होतं. सुकटीच्या वासावर वाढलेल्यांनी घाबरू नये, बाकीच्यांनी खिडकीजवळ बसावं.

नावंच हवी असतील तर ७०व्या स्ट्रीटवरचं इहावान. इहाव म्हणजे निखाऱ्यावर भाजणं, तेव्हा तिथे काड्यांवरचं गोडसर पोर्क घ्यायचं. रूझवेल्टवर रेनीज किचनेट आहे, तिथे मी लसणीच्या परतलेल्या भाताबरोबर अंडं आणि मुरवलेलं मांस खाते. त्यांचा सकाळचा नाश्ता हाच, पण विकतात दिवसभर. फिल-अॅम फूड मार्टमधून कॅलामान्सीचा (त्यांच्या इवल्याशा लिंबाचा) रस आणि सुके मासे. कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचंही मिळतं तिथे, बाटलीवर नाव 'आचारा'. हा शब्द कुठून गेला ते तुम्हाला सांगायला नको.

६१व्या स्ट्रीटकडे सरकलात की जॉलीबी लागेल, मधमाशीचं चित्र असलेलं. १९७५ मध्ये मनिलाजवळ क्युबाओत आइस्क्रीमचं दुकान म्हणून सुरू झालेली ही साखळी. २००९च्या फेब्रुवारीत ही शाखा उघडली तेव्हा थंडीत लोक रांगा लावून उभे होते. चिकन खा, नक्की खा. साखर आणि सॉसेज घातलेली स्पॅगेटी मात्र लहानपणी खाल्लेली असेल तरच आवडते. आपण पार्ले-जीच्या बाबतीत बाहेरच्याला जसं काही पटवून देऊ शकत नाही, तसंच हे.

मॅनहॅटनमध्ये छान सजवलेली फिलिपिनो हॉटेलं आहेत, केळीच्या पानावर सगळ्यांनी मिळून हातानं खायचं 'कामायान'ही मिळतं. वाढदिवसाला जा. पण पानावर हातानं जेवायला आपण तेवढे पैसे का द्यायचे, हे मला अजून उमगलेलं नाही.

"आम्ही शाकाहारी आहोत" म्हणणाऱ्यांना खरं तेच सांगते: अवघड आहे. भाजी म्हणून समोर येते तिच्यातही जवळा किंवा माशाचं पाणी असतं, आणि वाढणाऱ्या बाईंच्या लेखी तो मसाला असतो, मांसाहार नव्हे. चतुर्थीला किंवा गुरुवारी तर नकोच. तुमच्यासाठी तुरोन: केळं पिठाच्या पातळ पातीत गुंडाळून, साखर लावून तळलेलं. अंडं चालत असेल तर बिबिंका.

हो, बिबिंका. गोव्याच्या बेबिंक्याची ही नावबहीण, पण ही थरांची नाही. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, केळीच्या पानावर, वर-खाली निखारे ठेवून भाजलेली. वरून ओलं खोबरं. तिकडे ख्रिसमसच्या आधी नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थनेला जातात आणि बाहेर पडल्यावर हीच गरम गरम खातात. त्यामुळे डिसेंबरात आलात तर आधी हीच शोधा. मला भेटली की मी दोन घेते, एक चालता चालता संपते.

आणि रविवारी साडेअकराच्या आत पोचा. नंतर चर्च सुटतं आणि लाइंगचा ट्रे पहिला रिकामा होतो.